अकरा जण उभे

एक

कॉलेज उघडलं त्या पहिल्याच सकाळी दंतवैद्यकाच्या लॅबमध्ये मामा होते साठ, आणि भाचे जमले एकाहत्तर.

मामा म्हणजे माणूस नव्हे. प्रत्येक बाकाला धातूच्या जबड्याचं, रबरी गालांचं एक डोकं स्क्रूने बसवलेलं होतं. खऱ्या पेशंटच्या तोंडाला हात लावण्याआधी पहिल्या वर्षाची मुलं या डोक्याच्या तोंडात आपला हात बसवून घेत. मामा कितीही टोचलं तरी ओरडत नाही, म्हणून तो मामा. एका मामासमोर एक विद्यार्थी, हा नियम मान्यतेच्या कागदावरच होता आणि त्याला कुणाचाच इलाज नव्हता.

या कॉलेजाची प्रवेशाची रीत जुनी आणि जराशी अजब होती. निवड झालेल्या मुलांना पत्र जायचं, पण 'येता का?' असं त्यात कुणी विचारायचं नाही. अमुक दिवशी दहाच्या आत या, मामासमोर बसा, जागा तुमची, एवढंच. ज्याला यायचं तो येतोच, त्याला विचारायचं कशाला, असं संस्थापकांचं म्हणणं होतं. मात्र निवडलेली सगळीच मुलं येत नसत. कुणी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात जाई, कुणी वेगळाच व्यवसाय धरी. म्हणून बाकं साठ असली तरी पत्रं नव्वद जात. दरवर्षी तीस-एक गळत आणि उरलेली मापात बसत. एखादी जागा रिकामी राहिलीच, तर आवारात आशेने ताटकळणाऱ्या प्रतीक्षा यादीतल्या कुणाचं तरी नशीब उघडे.

यंदा भिंतीला पाठ लावून अकरा जण उभे होते. प्रत्येकाच्या हातात कॉलेजचं पत्र होतं आणि प्रत्येक जण दहाच्या आत आलेला होता.

"बसायचं नाही!" लॅबचे प्राध्यापक गरजले. "कुठे बसणार? एकमेकांच्या मांडीवर?"

या प्राध्यापकांना सगळं कॉलेज पाठीमागे 'पक्कड सर' म्हणे. दात उपटायचा असो की मुद्दा, एकदा धरला की सोडायचा नाही, ही त्यांची ख्याती. आवाज असा, की खालच्या मजल्यावरच्या पेशंटने आपणहून तोंड उघडावं.

तासाभरात संस्थेचे अध्यक्ष येऊन थडकले. त्यांनी लॅब पाहिली, भिंतीजवळची रांग पाहिली आणि निकाल देऊन टाकला. "पत्रं विकली गेलीत. दुसरं काय असणार? शिक्का कुणाच्या ताब्यात असतो?"

शिक्का प्रवेश अधिकाऱ्याच्या ताब्यात असे. त्याचं पांढरंफटक पडलेलं तोंड पाहून अध्यक्षांची खात्रीच पटली.

दुपारी प्राचार्यांनी दार लावून घेतलं आणि आपल्या जुन्या बाईंना फोन केला.

"बाई, अध्यक्षांनी शुक्रवार सकाळपर्यंतची मुदत दिलीय. खरं काय ते कळलं नाही तर हा सगळा भ्रष्टाचार समजून ती अकरा मुलं घरी जाणार. आणि आमचा प्रवेश अधिकारीही."

"आज वार कोणता?"

"बुधवार."

"मग फोनवर वेळ का घालवतोस? चहा टाकायला सांग. निघालेच मी," बाई म्हणाल्या.

दोन

त्यांना सगळे दाढबाई म्हणत, अर्थात तोंडावर नुसतं 'बाई'. निवृत्त होण्याआधी त्या याच कॉलेजात शिकवत, आणि त्याशिवाय पोलिसांचं एक काम करत. आगीत, अपघातात माणूस ओळखू येईनासा झाला, की त्याचे दात बघून तो कोण हे बाई सांगत. एवढ्या वर्षांत त्यांनी कितीतरी हरवलेली माणसं शोधून दिली होती, पण त्यांचा शोध लागला म्हणून कुणाच्या घरी कधी पेढे वाटले गेले नव्हते. लॅबच्या दारात उभ्या राहून त्यांनी भिंतीजवळची ती जिवंत, घामेजलेली, नखं कुरतडणारी पोरं पाहिली आणि त्यांना एकदम हुरूप आला. या वेळी शोध लागला तर कुणीतरी हसणार होतं.

पहिली गाठ घेतली ती प्रवेश अधिकाऱ्याची. या गृहस्थांचं टोपणनाव 'त्रैराशिक'. जगातली कुठलीही गोष्ट त्यांना त्रैराशिकात मांडल्याशिवाय चैन पडत नसे. घरी पाहुणे आले तरी माणशी साखर किती, हे ते आधी काढत आणि मग हसून 'या बसा' म्हणत.

"बाई, मी पत्र विकलं असेल तर माझे हात झडोत," ते म्हणाले. आवाज रडवेला होता. "आजवर ऑफिसची टाचणीसुद्धा घरी नेलेली नाही."

"ठाऊक आहे मला. पत्रं किती पाठवलीत?"

"नव्वद. दरवर्षीइतकीच. नव्वद पाठवली की साठ येतात, तीस गळतात."

"का गळतात?"

दोन आणि दोन चार का होतात असं विचारल्यासारखे त्रैराशिक बाईंकडे बघत राहिले.

"गळतात, बाई. बारा वर्षं गळतायत."

"ते कळलं. पण का?"

"ते कधी विचारलं नाही," त्रैराशिक चाचरत म्हणाले. "आकडा बरोबर येत होता ना!"

बाईंनी सगळ्या एकाहत्तर मुलांची पत्रं मागवली आणि खिडकीपाशी बसून भिंगाखाली घातली. शिक्का उठावाचा होता आणि वरच्या कडेला त्याचा एक बारीकसा टवका उडालेला होता. प्रत्येक पत्रावर तो टवका जागच्या जागी होता. एकही क्रमांक दोनदा आलेला नव्हता, एकही नव्वदच्या वर गेलेला नव्हता.

प्राचार्य शेजारी उभे राहून एकदा बाईंकडे आणि एकदा दाराकडे बघत होते. "सापडलं का खोटं पत्र?"

"नाही रे. सगळी खरी आहेत."

"मग चोर?"

"पत्रं कुणी चोरली नाहीत, विकलीही नाहीत. ती दरवर्षीइतकीच गेली. यंदा फक्त गळायची ती पोरं गळली नाहीत." बाईंनी भिंग मिटलं. "तीस जायची तिथे एकोणीसच गेली. जादाची अकरा आली कुठून, हा प्रश्नच चुकला तुमचा. ही अकरा जण गेली का नाहीत, ते शोधायचंय."

"पण अध्यक्षांना हे पटायला कारण लागेल, बाई. नुसतं 'आली' म्हणून भागायचं नाही."

"तेच तर शोधायचंय," बाई म्हणाल्या. "मला सांग, पत्र मिळण्याआधी ही मुलं कॉलेजात कधी येतात?"

"एकदाच. मुलाखतीच्या दिवशी."

"तेव्हा मुलाखत सोडून आणखी काय होतं?"

प्राचार्यांनी खांदे उडवले. "काही नाही. आम्ही सगळे वर मुलाखती घेतो. ज्यांचा नंबर यायचा असतो त्यांना खाली लॅब दाखवतात."

"कोण दाखवतं?"

"दुसरं कोण? पक्कड सर."

तीन

पक्कड सर आपल्या खोलीत चहा पीत बसले होते. बाईंना पाहताच ते उठून उभे राहिले. वयाने बाई मोठ्या, आणि सरांना या कॉलेजात कुणाचा धाक असेल तर तो एवढ्या एका बाईचा.

"या बाई, बसा. बिस्कीट घ्या. मी काही पत्रंबित्रं विकलेली नाहीत, हे आधीच सांगतो."

"तुम्ही विकायला बसलात तर गिऱ्हाईकच पळून जाईल," बाई म्हणाल्या. सर हसले, पण बेतानंच हसले. ओठ काही फारसे उघडले नाहीत.

सरांवरही संशय घ्यायला जागा होती. दोन वर्षं ते नवीन बाकं मागत होते आणि दोन वर्षं अध्यक्ष ती नाकारत होते. मुलं दाटीवाटीने उभी दिसली, की बाकं आपोआप येणार होती. बाईंनी तसं बोलूनही दाखवलं.

"तसं असतं तर मी असा गप्प बसलो असतो?" सर उसळले. "अध्यक्षांच्या घरापुढे जाऊन ओरडलो असतो!"

ते मात्र खरं होतं. बाईंनी मान डोलावली. "मुलाखतीच्या दिवशी मुलांना लॅब तुम्हीच दाखवलीत ना?"

"दरवर्षीप्रमाणे."

"आणि भाषण?"

सरांनी बिस्कीट चहात बुडवलं. "दरवर्षीप्रमाणे," ते पुन्हा म्हणाले आणि कपात बघत राहिले.

ते भाषण बाईंना पाठ होतं. 'तुमच्यातले निम्मे रक्त बघून आडवे होणार. उरलेल्यांच्या पाठीचं धनुष्य होणार. लोकांच्या तोंडात आयुष्य घालवायचंय का? नसेल तर ते दार उघडंच आहे.' हे सगळं त्या आवाजात, पाऊण तास. बोलणं मनापासूनचं होतं. कच्चं पोर पुढे जाऊन रडण्यापेक्षा आधीच परतलेलं बरं, असा सरांचा हिशेब.

"एक विचारते. साठच्या साठ मुलं एकदमच का बसवता हो? अर्धी सकाळी, अर्धी दुपारी बसवली तर तुम्हालाही जरा मोकळं होईल."

"म्हणजे तेच मी दोनदा बोलू?" सरांना तो विचारच सहन झाला नाही. "एकदा बोललेलं मी पुन्हा बोलत नाही, बाई. तीस वर्षांत बोललेलो नाही."

त्यांचं बिस्कीट चहात विरघळून पार लगदा झालं होतं. तो लगदा त्यांनी चमच्याने उचलला, डाव्या गालात ठेवला आणि सावकाश गिळला. बाई ते बघत राहिल्या. याच माणसाने बाईंच्या निरोप समारंभात पैज लावून उजव्या दाढेने अख्खे अक्रोड फोडले होते, आणि टाळ्या घेतल्या होत्या.

चार

गुरुवारी सकाळी बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथल्या कॉलेजच्या प्राचार्याही त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. पोरीसारख्या धावत बाहेर आल्या आणि बाईंना हाताला धरून आत घेऊन गेल्या.

"मी आमच्याकडे येणारी मुलं परतवून तुमच्याकडे गर्दी करवली, असं तर नाही ना वाटत तुमच्या अध्यक्षांना?" त्या हसत म्हणाल्या. "आमच्याच अकरा जागा रिकाम्या पडल्या होत्या, बाई. सोमवारी आमचे वर्ग सुरू झाले आणि दुपारपर्यंत प्रतीक्षा यादीतून सगळ्या भरूनही टाकल्या."

"सगळ्या?"

"एकही शिल्लक नाही."

म्हणजे आता त्या अकरा जणांना परत पाठवलं, तर त्यांना जायला दुसरी जागाच नव्हती. पुरं वर्ष हातचं जाणार होतं.

"यंदा फी वाढवलीत? काही बदललंत?"

"काही म्हणजे काही नाही. मलाच नवल वाटतंय. दरवर्षी तुमच्याकडून सुटलेली मुलं आमच्याकडे येतात, ती कशी दबकतच येतात. पहिले आठ दिवस कुणी मान वर करत नाही. यंदा ती आलीच नाहीत." त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. "मुलं नाही आली. तुमच्याकडची मोठी माणसं मात्र येतात हो आमच्याकडे. तीही पेशंट म्हणून, तोंड लपवत."

"कोण?"

"पेशंटचं नाव सांगायचं नसतं, बाई. तुम्हीच शिकवलंयत."

बाईंनी आपल्याच शिकवणुकीला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. "बरं, नाव नको. वार सांगायला तरी काही हरकत आहे?"

"तीही आहे," प्राचार्या म्हणाल्या. मग बाईंना पोचवायला फाटकापर्यंत आल्या आणि निरोप घेताना उगाचच म्हणाल्या, "तुमच्या मुलाखती होत्या ना, त्या दिवशी सकाळी ऊन किती कडक होतं, नाही?" बाईंना हवा होता तो वार मिळाला.

पाच

कॉलेजच्या मागच्या जिन्यावर ती अकरा मुलं ओळीने बसली होती. लॅबमध्ये त्यांना बसायला मनाई होती, घरी जायला मन होत नव्हतं. दोन दिवस ती तशीच येऊन जिन्यावर बसत होती. बाई जवळ गेल्या तशी सगळी धडपडून उभी राहिली.

"अरे, उठू नका. मलाही जरा सरकून जागा द्या."

पहिल्या पायरीवर एक लांब वेणीची मुलगी होती. तिच्या नखांत काळं तेल मुरलेलं होतं.

"दादाचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे, मॅडम. लहानपणापासून त्याच्या हाताखाली काम करतेय," ती नखं लपवत म्हणाली. "काल त्याने दुकान बंद ठेवून मला सोडलं. घरी अजून सांगितलंच नाही की मी उभी आहे म्हणून. आई विचारते, बाक खिडकीजवळ मिळालं का? मी म्हणते, हो."

तिचा आवाज एकदम कापला. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तुझं आधी दुसऱ्या कॉलेजात जायचं ठरलं होतं ना?" मग त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं? तिकडेच जाणार होते. इकडचे सर फार ओरडतात असं ऐकलं होतं. नुसती मुलाखत देऊन टाकू म्हणून आले. पण इथे ते मुके सर भेटले ना!"

"कोण?" बाई ताठ बसल्या.

"मुके सर," मागच्या पायरीवरून दोघं-तिघं एकदम म्हणाले. मग सगळ्यांच्याच जिभा सुटल्या. मुलाखतीच्या दिवशी खाली लॅबमध्ये ते सर होते. एक अक्षर बोलले नाहीत. एकेकाला खांद्याला धरून मामासमोर बसवलं, हातात मेणाचा ठोकळा दिला, कोरायचं हत्यार दिलं आणि हातावर हात ठेवून दाढ कोरायला शिकवली. चुकलं की मान हलवायची, जमलं की पाठीवर थाप. कुणाला घाई नाही, कुणाला रागावणं नाही.

"ही बघा माझी." वेणीवालीने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. आत मेणाची पिवळट दाढ होती. "बोल्ट घट्ट करताना हाताला कळतं ना, आता पुरे, तसंच त्या दिवशी कोरताना कळलं. बाहेर पडले आणि दादाला सांगितलं, पत्र आलं तर मी इथेच येणार."

एकेकाच्या खिशातून, पाकिटातून मेणाच्या दाढा बाहेर आल्या. अकराच्या अकरा जणांनी त्या जपून ठेवल्या होत्या.

"हे सर दिसायला कसे होते?"

"टोपी, मास्क आणि लांब कोट. इथे सगळेच तसे दिसतात, मॅडम."

"काल लॅबमध्ये ओरडले ते तर नव्हेत?"

सगळी पोरं खळखळून हसली. दोन दिवसांत बहुधा पहिल्यांदाच. "छे हो! ते कुठे आणि हे कुठे!"

बाईंनी वेणीवालीची दाढ उन्हात धरली आणि भिंग लावलं. कडा कच्च्या होत्या, नवशिक्या हाताच्या. पण चावण्याच्या बाजूची मधली खाच एका दमात, जरा तिरकी उतरलेली होती. त्यांनी दुसरी दाढ घेतली, तिसरी घेतली. सगळ्या दाढांवर तीच खाच होती, तसाच तिरका उतार.

आणि या कॉलेजात मुका शिक्षक आजवर कधी कुणी नेमलेलाच नव्हता.

सहा

शुक्रवारी सकाळी प्राचार्यांच्या खोलीत अध्यक्ष, प्राचार्य, त्रैराशिक आणि पक्कड सर जमले. दाढबाई सर्वांत शेवटी आल्या आणि टेबलावर त्यांनी कागदाची एक पुडी उघडली. आत अक्रोड होते.

"ही काय पार्टी आहे?" अध्यक्ष करवादले.

"चहाबरोबर हवेत म्हणून आणले. सर, तेवढा एक फोडून द्या बघू. तुमच्या दाढेचं काम."

पक्कड सरांनी अक्रोडाकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. "आज इच्छा नाही."

"इच्छा आहे, दाढ नाही," बाई शांतपणे म्हणाल्या.

सरांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"अध्यक्षसाहेब, तुम्हाला चोर हवाय ना? मग ऐका," बाई म्हणाल्या. "पत्रं नव्वदच गेली आणि सगळी खरी आहेत, ते मी स्वतः तपासलंय. दरवर्षी तीस मुलं गळतात, कारण मुलाखतीच्या दिवशी आपले सर त्यांना पाऊण तास घाबरवतात. घाबरलेली मुलं दुसऱ्या कॉलेजात जातात. त्रैराशिकांनी गळणारी मुलं मोजली, पण ती गळतात कशामुळे ते पाहिलं नाही. त्यांचं सगळं गणित सरांच्या आवाजावर उभं होतं, आणि हे त्यांना तरी कुठे ठाऊक?"

त्रैराशिकांनी डोक्याला हात लावला.

"यंदा तो आवाजच बंद होता. मुलं मला मुक्या सरांबद्दल सांगतात. मुका माणूस आपल्याकडे नाही. म्हणजे त्या दिवशी ज्याला बोलता येत नव्हतं असा माणूस हवा. बुधवारी सर चहात बिस्किटाचा लगदा करून डाव्या बाजूने खात होते, आणि हसले तेही ओठ मिटून. दुसऱ्या कॉलेजात मला सांगण्यात आलं, की आपल्याकडचं कुणीतरी तिथे पेशंट म्हणून गेलं होतं. कोण ते सांगितलं नाही, मी विचारणारही नाही. पण हे बघा." त्यांनी रुमालातली दाढ टेबलावर ठेवली. "ही खाच कुणाची? सही एक वेळ खोटी करता येते सर, पण हाताचं वळण लपत नाही. वीस वर्षं मी तुमच्याशेजारच्या बाकावर काम केलंय."

पक्कड सरांनी दाढ उचलली. मोठ्या तळव्यावर ती इवलीशी दिसत होती.

"अक्कलदाढ होती," ते म्हणाले. "शेजारचीही किडलेली. दोन्ही काढाव्या लागल्या. आता दातांच्या मास्तराचीच दाढ किडली हे इथे कळलं असतं, तर पोरांनी वर्षभर चेष्टा केली असती. म्हणून तिकडे गेलो. त्या दिवशीच मुलाखती आहेत हे सपशेल विसरलो होतो. तोंडात बोळा, गाल भोपळ्याएवढा, आणि इथे पोरं लॅबमध्ये येऊन थांबलेली. घालवून कशी देणार? मास्क लावला आणि गेलो."

"आणि बाईंना म्हणालात, दरवर्षीप्रमाणे," प्राचार्य म्हणाले.

"लाज वाटली रे." सरांचा आवाज इतका खाली आलेला त्या खोलीने कधी ऐकला नव्हता. "आणि खरं सांगू? एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा पोरांचे हात बघितले. एरवी मी बोलत असतो, बघायला सवड कुठे मिळते! ती एक गॅरेजवाली पोरगी आहे, तिचा हात तर... असा हात मी दहा वर्षांत पाहिलेला नाही. त्याच पोरीला परवा मी 'बसायचं नाही' म्हणून ओरडलो. ओळखलंसुद्धा नाही. हात बघितलेच नाहीत ना."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "ठीक आहे. लबाडी झाली नाही, हे मान्य. प्रवेश अधिकाऱ्यांना मी उगाच बोललो, तेही मान्य. पण बाकं साठच आहेत. मान्यतेचा नियम आहे, काम करताना एका बाकाला एकच विद्यार्थी. अकरा जणांना मी कुठे बसवू?"

त्रैराशिकांचा उजळलेला चेहरा पुन्हा पडला.

"काम करताना," बाई म्हणाल्या. "नियमात एवढंच आहे ना? मग अर्धी सकाळी बसवा, अर्धी दुपारी. छत्तीस आणि पस्तीस. बाकं उलट उरतील. यात अडचण एकच आहे."

सगळे पक्कड सरांकडे वळले.

सरांनी दाढ हळूच टेबलावर ठेवली. "एकदा बोललेलं मी पुन्हा बोलत नाही," ते म्हणाले, उठले आणि खोलीबाहेर गेले. दार त्यांच्यामागे धाडकन आपटलं.

सात

बाई उठल्या आणि त्यांच्यामागे सगळेच धावले. जिना उतरताना त्रैराशिक बाईंच्या कानाशी पुटपुटत होते, "बाई, दोन तुकड्या झाल्या असत्या तर साठ बाकांवर एकशेवीस... मग पत्रं..."

"आधी आत काय होतंय ते बघा," बाई म्हणाल्या.

लॅबमध्ये साठ मुलं बसली होती आणि निकाल ऐकायला आलेली अकरा भिंतीशी उभी होती. पक्कड सर पाठमोरे होते. खुंटीवरची टोपी त्यांनी डोक्यावर चढवली, मास्क बांधला आणि वळले. भाषण सुरू होणार म्हणून पुढच्या ओळीतल्या मुलांनी माना आधीच खाली घातल्या.

भाषण सुरू झालं नाही. सरांनी मागच्या ओळींकडे पाहिलं, बाहेरच्या दिशेने हात केला आणि मग घड्याळाचे काटे दुपारकडे फिरवल्यासारखं बोट फिरवलं. मुलं गोंधळली, मग एकेक करून उठली आणि बाहेर जाऊ लागली. सर जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर हलकी थाप मारत होते. दारात उभ्या अध्यक्षांनी अंग चोरून त्यांना वाट दिली.

आता मागे बाकांच्या ओळी रिकाम्या होत्या. सर भिंतीजवळच्या रांगेपाशी आले. पहिलीच ती वेणीवाली होती. तिने हातातलं पत्र छातीशी धरलं होतं, आणि ते आता परत मागणार या भीतीने तिचे डोळे भरून आले होते. सरांनी पत्राला हात लावला नाही. तिचा उजवा हात उलटा केला, नखांतलं तेल पाहिलं आणि खिशातून मेणाचा नवा कोरा ठोकळा काढून तिच्या तळव्यावर ठेवला.

तिने ठोकळ्याकडे पाहिलं. मग त्या बोटांकडे पाहिलं.

"मुके सर?" ती पुटपुटली. रांगेतून एक लाट गेल्यासारखी झाली. सगळे एकमेकांना कोपराने ढोसू लागले.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. त्रैराशिक शेजारी उभे होते. ते पहिल्यांदाच काहीही मोजत नव्हते.

सरांनी मास्क खाली ओढला. सर एका दमात किती बोलू शकतात हे तिथे सर्वांना ठाऊक होतं.

"बसा," ते म्हणाले.